दारावरचं गोल तोरण

आई, काल दसरा झाला आणि आमच्या दाराला तोरण मी माझ्या हातानं बांधलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला रागवायचं असेल तर आत्ताच रागावून घे आणि मग पुढचं निवांत ऐक. तोरणही आपल्यासारखं नव्हतं. गोल होतं, जंगली वेलाचं, त्यात आंब्याचं पान नव्हतं की झेंडूचं फूल नव्हतं. तुझ्या हिशेबानं ते तोरण नव्हतंच, आणि बांधणारे हातही चालणारे नव्हते. नवरा गेलेली बाई सकाळी सकाळी जिन्यात स्टूल घेऊन आली, त्यावर चढली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत तिनं दाराला तोरण बांधलं. तू असतीस तर मला दंडाला धरून खाली ओढलं असतंस. मी उतरले नसते.

तुला इथलं काहीच ठाऊक नाही, कारण तू गेलीस तेव्हा माझा पासपोर्टसुद्धा झाला नव्हता. आम्ही गेर्लिंगेनला राहतो, श्टुटगार्टच्या अगदी शेजारी. उतारावरची तीन मजली इमारत, मधल्या मजल्यावर आम्ही. तुझ्या जावयाला इथल्या एका कंपनीत इंजिनिअरची नोकरी लागली, मागोमाग मी आले, मलाही ऑफिसात काम मिळालं, मग लेक झाली. तुझी नात आता आठ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं आणि उत्तर जर्मनमध्ये देते, त्यामुळे आमच्या घरात भांडणसुद्धा दोन भाषांत चालतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी दात घासता घासता तुझा जावई कोसळला आणि उठला नाही. त्याच्याबद्दल एवढंच लिहिते. त्याच्याशी मी रोज बोलते, त्यासाठी मला कागद लागत नाही. तुझ्याशी मात्र माझं जुनं भांडण आहे आणि ते कधीतरी लिहूनच काढायला हवं होतं.

कोणतं भांडण ते तुला चांगलं माहीत आहे. साखर कारखान्याची वसाहत, आपल्या खोल्यांची रांग, मागे आंब्याचं झाड. दसऱ्याच्या आदल्या दुपारी तू ओट्यावर पाय पसरून बसलेली आहेस, समोर परातीत झेंडू, मांडीवर आंब्याची पानं, हातात ते लांब दाभण. पान दुमडायचं, त्याचा देठ पुढच्या पानाखाली लपवायचा, मग फूल, मग मध्येच एखादी भाताची लोंबी. अख्ख्या रांगेची तोरणं तू करायचीस, कारण तुझ्यासारखा हात कोणाचा चालायचा नाही हे सगळ्यांनी कबूल केलं होतं. बाबा होते तेव्हा आपल्या दाराचं तोरण बांधायला तूच स्टुलावर चढायचीस. बाबा खाली उभे राहून 'डावीकडे घे, अजून डावीकडे, आता उजवीकडे' असं उगाचच तुला दमवायचे, आणि शेवटी तू त्यांच्या डोक्यावर एक झेंडू फेकून मारायचीस. तुझं ते वरून हसणं मला अजून ऐकू येतं.

मग बाबा गेले. त्या वर्षी घरात सण झाला नाही. पुढच्या दसऱ्याला तू पुन्हा परात घेऊन बसलीस. दाराची चौकट तू धुतलीस. उंबरठा तू सारवलास. रांगोळी तू काढलीस, सुतळी तू वळलीस, फुलं तू ओवलीस. आणि सगळं झाल्यावर पदराला हात पुसून शेजारच्या काकूंना हाक मारलीस, "अहो, जरा येता का? तेवढं बांधून द्या." काकू आल्या. मी पाचवीत होते, मी स्टूल धरून उभी होते. तू मागे सरकत सरकत समोरच्या भिंतीला जाऊन टेकलीस. मी विचारलं, "आई, तू का नाही बांधत?" तू म्हणालीस, "असंच असतं." काकू वरून म्हणाल्या, "अगं, मी बांधलं काय नि तिनं बांधलं काय, एकच." आणि बांधत राहिल्या. काकू वाईट नव्हत्या, खरंच नव्हत्या. आपल्याला ताक द्यायच्या, माझ्या वेण्या घालायच्या. पण एकच होतं तर त्या खाली का उतरल्या नाहीत, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

त्या गेल्यावर मी काय केलं ते तू विसरली नसशील. स्टूल पुन्हा ओढलं, चढले, तोरण हिसडून खाली काढलं आणि तुझ्या मांडीवर टाकलं. "आता तू बांध," म्हणाले. तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की मी भिंतीवर गेले. मग तू खाली बसून चुरगळलेली फुलं काढलीस, नवी ओवलीस, आणि दारातून पुन्हा हाक मारलीस, "अहो, पोरीनं ओढलं हो. परत एकदा येता का?" धपाट्याचं मला काही वाटलं नाही. तू काकूंना दुसऱ्यांदा हाक मारलीस त्याचं वाटलं. मी आंब्याच्या झाडाखाली जाऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिले. तोरण ओढलं त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं आणि आताही वाटत नाही. माझ्या लग्नातसुद्धा तू तेच केलंस. कन्यादानाला मामा-मामी बसले आणि तू कोठीच्या खोलीत लाडवांची पातेली मोजत बसलीस. निघताना मात्र गर्दीतून वाट काढत आलीस आणि रुमालात गुंडाळलेलं ते दाभण माझ्या हातात कोंबलंस. "असू दे जवळ, लागतं," एवढंच म्हणालीस. मी मनात म्हटलं, करायला लागतं, बांधायला कोणाला तरी बोलवावं लागतं. तुला बोलून दाखवलं नाही, कारण तू रडत होतीस.

आता गोल तोरणाचं सांगते. आम्ही इथे नवे होतो, पहिलाच पानगळीचा मोसम. एका संध्याकाळी घरी येताना बघतो तर खालच्या मजल्यावरच्या आजोबा-आजींच्या दारावर हे एवढं मोठं गोल चक्र! पानं, लाल फळं, मध्ये रिबीन. आपल्याकडे असलं चक्र कुठे दिसतं ते तुला सांगायला नको. पुढारी गेला, जवान गेला, की ते वाहतात. दोघं जिन्यातच थबकलो. तुझा जावई हळूच म्हणाला, "आजोबा गेले वाटतं." वर जाऊन त्यानं काळा कोट चढवला, मी पांढरा ड्रेस घातला, कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ आणला आणि बेल वाजवली. दार आजोबांनीच उघडलं. गळ्यात रुमाल, हातात पावाची सुरी. ह्यानं ऑफिसातल्या कोणाला तरी फोन करून दुःख व्यक्त करायचं वाक्य पाठ करून घेतलं होतं, ते तोंडातून बाहेर पडून गेलं. आजोबांनी ह्याच्याकडे बघितलं, गुच्छाकडे बघितलं आणि आत वळून ओरडले, "अगं, बघ, मी गेलो म्हणून लोक भेटायला आलेत!" शेवंती तर इथे थडग्यावरच वाहतात, हे आम्हाला नंतर कळलं. आजी हसून हसून खुर्चीत बसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं की हा क्रान्त्स, म्हणजे दाराचं चक्र, पानगळ आली की लावतात, येणाऱ्याचं स्वागत म्हणून. मेलेल्यालाही चक्र असतं आणि दारालाही असतं. करणारे हात तेच.

त्या दिवसापासून त्या आमच्याच झाल्या. लेक झाल्यावर ती त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणायला लागली, मग आम्हीही. आजोबा काही वर्षांनी खरंच गेले. आम्ही पुन्हा खाली गेलो, ह्याच्या अंगावर तोच काळा कोट. ओमांनी दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि रडता रडता म्हणाल्या, "या वेळी बरोबर आलात." त्याच वर्षी पानगळीला त्यांच्या दारावर पुन्हा क्रान्त्स लागला. मी जिन्यात उभी राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले होते, आई. तेव्हा मला कुठे माहीत होतं की आपल्यालाही पुढे हे लागणार आहे.

ह्याच्या वेळी कंपनीतल्या लोकांनी मोठा क्रान्त्स आणला होता, रुंद रिबिनीचा, त्यावर सोनेरी अक्षरं. सासूबाई पुण्याहून धावत आल्या होत्या. त्यांनी घरी पाऊल ठेवल्याबरोबर दारावरचं कापडी तोरण काढून घेतलं. ते त्यानंच पुण्याहून आणलेलं होतं, वर्षभर लटकलेलं असायचं, कोणाचं लक्षही नसायचं. त्यांनी काढलं आणि चौकटीवर त्यानं मारलेले दोन हूक तेवढे उरले. तेव्हा मला त्यांना अडवायचं भान नव्हतं. पण एक गोष्ट तेव्हाच केली, तीही ऐकून ठेव. तो असताना मी ऑफिसला कधी टिकली लावत नसे, कंटाळा करायची. तो गेल्यावर रोज लावायला लागले. पहिल्या दिवशी सासूबाईंनी बघितलं, मान फिरवली. मी तशीच बसस्टॉपवर गेले.

इथे एक पद्धत आहे, ती ऐकून तू हसशील. तिला केअरवोखे म्हणतात. इमारतीतल्या प्रत्येक घराची झाडायची पाळी ठरलेली असते. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवतात. मग त्या आठवड्यात त्यानं जिना पुसायचा, अंगण झाडायचं, बाहेरचा फुटपाथसुद्धा. तो गेल्यानंतर आमची पाळी आली तेव्हा ओमा म्हणाल्या, तुझं मी करते. मी म्हटलं, नको, मीच करेन. मी झाडत होते आणि मला एकदम तू आठवलीस, चौकट धुताना. बघ ना, झाडू मारायला बाईचं कुंकू कोणी विचारत नाही. उंबरठा सारवायला चालते, पाणी भरायला चालते, फुलं ओवायला चालते. फक्त शेवटची गाठ मारायची वेळ आली की ती अपशकुनी होते. अंगणात झाडू घेऊन उभी असताना मला इतका संताप आला की मी शेजाऱ्याच्या गाडीखालचीसुद्धा पानं ओढून काढली.

या वर्षी नेमकी दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात पाटी आमच्या दारावर. सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आहेत. सासऱ्यांचे गुडघे विमानात बसू देत नाहीत, म्हणून एकट्याच. गॅलरीत मी हौसेनं झेंडू लावला होता, तो गोगलगायींनी खाऊन टाकला होता. शनिवारी मी आणि लेक पानं गोळा करत होतो. ओमा गॅरेजच्या भिंतीवरचा जंगली वेल छाटायला आल्या होत्या, तो पन्हळीत शिरतो म्हणून दरवर्षी छाटावा लागतो. खाली लालभडक वेलांचा ढीग पडला. मी तो कचऱ्याच्या पिशवीत भरायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "थांब, हा कचरा नाही. या, तुम्हाला क्रान्त्स शिकवते. दुकानातून पैसे टाकून घेतात ते आळशी लोक."

कृती सांगते, तुला आवडेल. वेल ओला असतानाच वळायचा, दोन दिवस ठेवलास तर मोडतो. पानं ओरबाडून काढायची. एक लांब वेल गोल वळायचा, दुसरा त्याच्यावर पीळ देत फिरवायचा, तिसरा त्याच्यावर, आणि टोकं आतल्या आत खोचून द्यायची. एवढ्यानंच घट्ट कडं तयार होतं, काही बांधावं लागत नाही. मग कुंपणावरची जंगली गुलाबाची लाल फळं, आयव्हीची पानं, ओमांच्या बागेतली कागदी कंदिलासारखी नारिंगी फुलं, हातभर लांबीची सुकी गवतं. या सगळ्याच्या छोट्या छोट्या जुड्या करायच्या आणि हिरव्या तारेनं कड्यावर बांधत जायचं. प्रत्येक नवी जुडी आधीच्या जुडीचे देठ झाकते. आणि तार एकदा सुरू केली की पूर्ण फेरा होईपर्यंत तोडायची नाही. ओमा हे सांगत होत्या आणि मला तुझा आवाज ऐकू येत होता, 'सुतळी मध्येच तोडू नकोस गं, मग सगळं ढिलं पडतं.' तुम्ही दोघी कधी भेटला नाहीत, तुमची भाषा एक नाही, आणि माझ्यावर ओरडायचं कारण मात्र तेच. कुकरला भात लावून खाली आले असते तर भात होईपर्यंत क्रान्त्स झाला असता, इतकं ते झटपट काम. पैसा एक लागला नाही. तार तेवढी ओमांची.

लेकीनं खिशातून चेस्टनट काढले. ही तपकिरी, गुळगुळीत, खायला न चालणारी फळं इथली सगळी पोरं गोळा करतात. तिला ती क्रान्त्समध्ये हवी होती. ओमा भोकं पाडायला ड्रिल आणायला निघाल्या. मी म्हटलं, थांबा. वर जाऊन मसाल्याच्या खणातून तुझं दाभण आणलं. ताजी फळं होती, दाभण आरपार गेलं. ओमांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. "कोणाचं?"

"माझ्या आईचं. ती याच्यानं दाराची तोरणं करायची."

"आणि दारावर लावायची?"

"नाही. करायची ती. वडील गेल्यानंतर लावायला शेजारची बाई यायची. ज्या बाईचा नवरा गेलाय तिनं लावायचं नसतं आमच्यात."

ओमांनी माझ्याकडे बघितलं, मग दाभणाकडे. "मग काय, त्यानं वरून येऊन लावायचं?"

मी हसले, आई. इतकी हसले की लेक घाबरली. तुला या प्रश्नाचं उत्तर सुचलं असतं का? मला तर वाटतं, तू पण हसली असतीस आणि मग हसलीस म्हणून घाबरली असतीस. ओमा म्हणाल्या, "आम्हीही काही कमी नाही. माझे वडील युद्धात गेले, तेव्हापासून माझी आई मरेपर्यंत काळ्या कपड्यांत राहिली. मला एक निळा स्वेटर विणून देताना सुद्धा ती काळ्याच कपड्यांत बसलेली असायची. माझा नवरा गेला तेव्हा मी ठरवलं, हे आता पुरे." एवढं बोलून त्या पुन्हा तार वळायला लागल्या.

क्रान्त्स घेऊन आम्ही वर आलो. लेकीनं तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि ओरडली, "आजी, कुक् माल!" बघ म्हणे. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वळून बघितलं आणि लाटणं हातातून खाली पडलं. "अगंबाई! हे काय आणलंत घरात? पुष्पचक्र?" त्या मागे मागे सरकल्या. मला कळलं, त्यांना ती रिबीन दिसत होती, ती सोनेरी अक्षरं. मलाही दिसत होती. खोटं कशाला सांगू, खाली बांधताना पहिला फेरा पूर्ण झाला तेव्हा मीही ते एकदा हातातून खाली ठेवून दिलं होतं. लेक शांतपणे म्हणाली की पपांना पण क्रान्त्स होता, पण हा पपांचा नाही, हा दाराचा आहे. तिनं हे जर्मनमध्ये सांगितलं, मी सासूबाईंना मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगता आम्ही तिघीही रडायला लागलो. पोळी तव्यावर करपली.

सासूबाई वाईट नाहीत, हे मी तुला मुद्दाम लिहिते, कारण माझा सगळा राग त्यांच्यावर निघावा असं मला वाटत नाही. मुलगा गेलेली आई आहे ती. रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनीच क्रान्त्स हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला, एक सुटलेलं गवत खोचलं. "छान केलंयस," म्हणाल्या. "इथली पद्धत आहे तर असू दे. वर्ष सरलंय, दाराला काहीतरी हवंच. दसऱ्याला मी बांधते. मी अजून सवाष्ण आहे. तू हात लावू नकोस हं, तू लांब उभी राहा."

किती प्रेमानं म्हणाल्या. काकूंसारख्याच प्रेमानं. आणि टेबलाच्या पलीकडून लेक म्हणाली, "वारुम निष्ट मामा?"

मामा म्हणजे मी. मी का नाही? आई, हा माझाच प्रश्न होता, जवळजवळ माझ्या तेव्हाच्याच वयाच्या पोरीच्या तोंडून, फक्त भाषा वेगळी. त्या एका क्षणात मला दिसलं की आता मी 'असंच असतं' म्हटलं की झालं. मी भिंतीला टेकणार, सासूबाई स्टुलावर चढणार, ही स्टूल धरणार. पुढे कधी हिच्या स्वतःच्या घरी, हॅम्बुर्गला नाहीतर आणखी कुठे, हिच्यावर वेळ आली तर ही कारण न समजता मागे सरकणार, कारण आईला तिनं तसं बघितलेलं असणार. तू मला काही शिकवलं नव्हतंस. तू फक्त मागे सरकली होतीस, आणि मी तेवढ्यावर शिकले होते. मी म्हटलं, "अहो आई, तुमचा आशीर्वाद असू द्या. पण बांधणार मी."

"अगं, तसं नसतं."

"का नसतं?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मला भीती वाटते गं. मला आता ही एक नातच उरलीय." हे ऐकल्यावर राग कुठल्या कुठे गेला, पण हट्ट गेला नाही. मी त्यांच्या शेजारी बसले. "भीती मलाही वाटते," मी म्हटलं. "तो गेला तेव्हा दारावर तोरण होतंच की. तुमच्या हातांनी पूजा करून त्याच्याबरोबर पुण्याहून दिलेलं होतं. त्यानं काही अडवलं का?" हे बोलायला नको होतं, त्यांचा चेहरा पडला. पण खरं होतं, आणि त्या खोलीत कोणीतरी ते म्हणायला हवं होतं. त्या उठून झोपायला गेल्या. जाताना नातीच्या डोक्यावरून हात फिरवायला विसरल्या नाहीत.

दसरा कामाच्या दिवशी आला होता. लेकीला शाळा, मला ऑफिस. खरं तर क्रान्त्स दाराच्या मधोमध, नजरेच्या उंचीला लावतात, स्टूल लागतच नाही. पण मला तो चौकटीवर हवा होता, तोरणाच्या जागी, त्याच्या त्या दोन हुकांवर. मी स्टूल मुद्दाम आणलं. लेकीनं पाठीवर दप्तर घेऊन दोन्ही हातांनी ते धरलं. वरच्या मजल्यावरचा माणूस कामावर निघाला होता, तो भिंतीला अंग चोरून गेला आणि "श्योन!" म्हणून गेला. छान म्हणे. मी चढले. सुतळी हुकात अडकवली, गाठ मारली, तुझीच गाठ, दोन पदरांची. वळून बघितलं तर सासूबाई दारातून बाहेर आल्या होत्या आणि समोरच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. अंगावर नवी साडी, कपाळाला मोठं कुंकू. माझ्या आठवणीतलं चित्र तेच होतं, आई, फक्त माणसांनी जागा बदलल्या होत्या. मला वाटलं आता त्या आत निघून जातील. त्या म्हणाल्या, "ते लाल सगळं खाली आलंय. फिरव जरा." मी फिरवलं. "अजून. हं, बास." मग हळू आवाजात, "ह्यांना फोनवर दाखवू नकोस."

मी दाखवलं नाही. संध्याकाळी घरी आले तर त्याच फोन हातात घेऊन जिन्यात उभ्या होत्या आणि सासऱ्यांना दार दाखवत होत्या. "इथली पद्धत आहे म्हणे. कचऱ्यातल्या वेलाचं केलंय पोरींनी, विकत नाही आणलं. छान दिसतंय ना?" कोणी बांधलं ते त्यांनी सांगितलं नाही. सासऱ्यांनी विचारलंही नाही. मला वाटलं होतं मी जिंकले की मोठं काहीतरी होईल. काही झालं नाही. श्रीखंड-पुरी झाली, ओमा जेवायला आल्या, लेकीनं सगळ्यांना आपट्याची म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी झाडाची पानं वाटली, आणि झोपायला गेलो.

आता तू म्हणशील, एवढं सगळं मला कशाला सांगतेस, मी मेले तेव्हाच सुटले. तू सुटली नाहीस. तू अजून त्या भिंतीला टेकून उभी आहेस, आणि मला त्याचा राग येतो. तुझ्या हातासारखा हात अख्ख्या वसाहतीत नव्हता. काकूंची गाठ दरवर्षी सुटायची, तोरण एका बाजूनं लोंबायचं, आणि तू रोज जाता-येता ते बघायचीस. मला आठवतंय तुझं बघणं. हात वर करून सरळ करावं एवढंही तू केलं नाहीस. कोणी बघत नसतानाही केलं नाहीस. कोणाला घाबरलीस? बाबांना? ते असते तर खालून 'डावीकडे, डावीकडे' ओरडले असते.

एक गोष्ट तेवढी कबूल करायची राहिली. शनिवारी वेल उरला होता. सगळे वर गेल्यावर मी अंगणात बसून आणखी एक चक्र केलं, लहान, ताटलीएवढं. त्यात फक्त पानं आणि गवताच्या लोंब्या, भाताच्या लोंब्यांसारख्या दिसणाऱ्या. देठ सगळे झाकलेले, तार कुठेही तोडलेली नाही. तू चूक काढू शकणार नाहीस. दाराच्या आतल्या बाजूला मी एक खिळाही ठोकला. भाड्याचं घर आहे, मालक बोलेल, बोलू दे. खिळा चांगला खाली ठोकला आहे, तुझा हात सहज पोचेल एवढा, म्हणजे तुला स्टूल लागणार नाही आणि कोणाला हाक मारायला लागणार नाही. चक्र चपलांच्या कपाटावर पडून आहे. आज सकाळी लेकीनं विचारलं, "मी लावू?" मी नको म्हटलं. सासूबाईंनी विचारलं, त्यांनाही नको म्हटलं. मीसुद्धा लावलेलं नाही. हा कागद घडी करून त्याच्याखाली ठेवते. ते तू बांध.